रेतीवर कोणी नव्हतं

आमचं गाव वैनगंगेच्या पात्रात आहे. आरमोरीच्या खाली एके ठिकाणी नदी दोन धारांत फुटते आणि कोसभर गेल्यावर पुन्हा एक होते. त्या दोन धारांच्या मधे जी उंच जमीन राहिली, तिच्यावर आमची चाळीसेक घरं. एका अंगाला चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्या अंगाला गडचिरोली. कागदोपत्री आम्ही गडचिरोलीचे. बाहेरचे लोक आमच्या गावाला बेट म्हणतात. आम्ही नुसतं गाव म्हणतो, आणि पाण्यापलीकडच्या सगळ्या जगाला काठ म्हणतो. ‘काठावर जाऊन येतो’ म्हणजे आरमोरीलाही जाऊन येतो आणि नागपूरलाही.

मी रोज काठावर जातो. आरमोरीत माझा फोटोचा स्टुडिओ आहे. एक खोली, मागे निळा पडदा, एक संगणक, एक छपाईचं यंत्र. पासपोर्ट फोटो, आधार कार्डाला लॅमिनेशन, शाळेच्या पोरांची ओळखपत्रं. उन्हाळ्यात लग्नं. आमच्याकडे धान कापून, बांधून, मळून होईपर्यंत कोणी लग्नाचं नाव काढत नाही, त्यामुळे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझ्या कॅमेऱ्याला सुट्टी असते. त्या दोन-अडीच महिन्यांत मी स्वतःसाठी फोटो काढायचो. ही गोष्ट त्या फोटोंची आहे.

वर्षभर मी माणसंच काढतो. हळद लावलेली, घामानं मेकअप उतरलेली, जेवता जेवता कॅमेऱ्याकडे बघून घास तोंडाशी धरून थांबलेली माणसं. मामा राहिले, आत्याबाई राहिल्या, यांना पण घ्या, त्यांना पण घ्या. उन्हाळा संपेपर्यंत डोळे मिटले तरी चेहरेच दिसायचे. म्हणून हिवाळ्यात मला माणूस नको असायचा. मला नदी पाहिजे असायची.

आणि हिवाळ्यात आमची नदी असते तशी कुठली नसेल, असं मला वाटायचं. पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसलेला. पात्र आकसून दोन्ही बाजूंना रेती उघडी पडलेली. पहाटे पाण्यावरून धुवारी उठते, धुक्याला आम्ही धुवारी म्हणतो, आणि काठावरची अर्जुनाची झाडं कमरेपर्यंत तिच्यात बुडतात. चक्रवाकांची एखादी जोडी रेतीवर उतरते. ऊन वर आलं की दहा मिनिटं सगळं पात्र तांब्याच्या परातीसारखं होतं, आणि मग ते संपतं. त्या दहा मिनिटांसाठी मी अंधार असतानाच उठायचो. बायको म्हणायची, “धान राखाले एवढ्या लवकर उठले असते तं बांधीत रानडुकरं शिरली नसती.” ती खरं बोलायची, पण मी ऐकत नव्हतो.

अडचण एकच होती. त्या रेतीवर माणसं असायची.

पूर ओसरला की आमच्या गावातले लोक रेतीवर डांगरवाड्या लावतात. रेतीत हातभर खड्डे खणायचे, त्यांत शेणखत आणि माती टाकायची, आणि डांगर म्हणजे टरबूज, काकडी, भोपळा लावायचा. काट्यांचं कुंपण, राखणीला एक झोपडी. पाणी पिप्यांनी आणून घालायचं. उन्हाळा लागला की डांगरं तयार होतात आणि पावसाळा आला की नदी सगळं घेऊन जाते. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खड्डे. ही जमीन सरकारची, म्हणजे नदीची, म्हणून हिचा सातबारा कोणाकडेच नाही. पण कोणती रेती कोणाची हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं.

आमच्या घराखालच्या रेतीवर, म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला, मोठमायची वाडी होती. मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एकच मुलगी, ती सिंदेवाहीला दिलेली. मोठमाय एकटी राहते, एकटीच वाडी करते, आणि माझ्याही आधी उठते. मी कॅमेऱ्याचा तिपाया रेतीत रोवायचो तेव्हा ती दोन पिपे घेऊन नेमकी समोरून चाललेली असायची.

“मोठमाय, जरा बाजूले हो ना.”

“काऊन? मी वंगाळ दिसतो का?”

“तसं नाई. मले नुसती नदी पायजे.”

“मंग मी का करू?”

“त्या झावाच्या मांगं बस घडीभर. पाचच मिनिटं.”

आमच्याकडे बायकाही ‘दिसतो’, ‘बसलो’च म्हणतात. ती हसायची. पिपे खाली ठेवायची आणि पाण्याच्या कडेला झावाचं झुडूप होतं त्याच्यामागे जाऊन उकिडवी बसायची. कमरेची चंची सोडून तंबाखू मळायची. माझी पाच मिनिटं कधी पाच नसायची. ऊन यायचं राहायचं, पक्षी उडून जायचे, मग पुन्हा येण्याची वाट. पुसातल्या, म्हणजे पौषातल्या, एका सकाळी मी तिला जवळजवळ अर्धा तास बसवलं. पाण्यात उतरून आल्यानं तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. फोटो झाल्यावर मी हाक मारली, तेव्हा ती उठताना झुडपाला धरून उठली, आणि पिपे उचलून कामाला लागली. त्या दिवशीचा फोटो फार सुंदर आला होता. पुढे जे झालं ते त्याच फोटोमुळे.

खालच्या टोकाला, जिथे दोन धारा पुन्हा मिळतात, तिथे डोंगेवाल्या भाऊची वाडी होती. हा भाऊ माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा. गावाला काठावर नेणं-आणणं त्याच्याकडे. लहानपणी त्यानंच मला पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे डोंग्यातून ढकलून दिलं आणि बाजूला उभा राहिला. त्यालाही मी असाच बाजूला करायचो. तो आणि त्याची बायको वाडीत असले की मी लांबूनच हात हलवायचो, आणि ते दोघं झोपडीत जाऊन बसायचे. लोकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गावातला पोरगा फोटोवाला झाला, त्याचं काहीतरी काम आहे, एवढंच.

एवढं करूनही कुंपण राहायचं. झोपडी राहायची. ते मी स्टुडिओत बसून काढून टाकायचो. नवरीच्या गालावरचा फोड ज्या हत्यारानं पुसायचा, त्याच हत्यारानं मी काट्यांचं कुंपण पुसायचो आणि तिथे बाजूची रेती आणून बसवायचो. झोपडीच्या जागी धुवारी. खड्ड्यांच्या रांगा सपाट करायला वेळ लागायचा, पण मला ते काम आवडायचं. शेवटी जी नदी उरायची तिच्यावर कोणाचं पाऊल पडलेलं नसायचं. मी ती मोबाईलवर टाकायचो. कुठले कुठले लोक लिहायचे, ‘किती शांत!’, ‘इथं माणूस पोचलेलाच दिसत नाही.’ मी ते पुन्हा पुन्हा वाचायचो. आणि जागा वाचवण्यासाठी, ज्या फोटोंत माणसं आली असतील ते सगळे खोडून टाकायचो.

पुसाच्या त्या सकाळचा फोटो मी मोठा छापून स्टुडिओत लावला. काही दिवसांनी एका कचेरीतले साहेब पासपोर्ट फोटो काढायला आले. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

“हे कुठलं?”

“आमचंच गाव, साहेब. इथून जवळच.”

“काय सांगता! आपल्या भागातलं वाटतच नाही.”

जिल्ह्याच्या निसर्गावर एक पुस्तिका निघणार होती, तिच्यासाठी त्यांनी फोटो मागितले. मी वीसेक चांगले फोटो निवडून पेनड्राईव्हवर दिले. कोणता फोटो कुठला, रेती कोणत्या बाजूची, सगळं व्यवस्थित लिहून दिलं. पुस्तिका निघाली की नाही मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की आपले फोटो कचेरीत गेले. मोठमायलाही सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं बापा.”

पुढच्या हिवाळ्यात ग्रामसभेची दवंडी आली. आमची ग्रामपंचायत काठावरच्या गावाशी जोडलेली आहे, त्यामुळे सभा तिकडच्या शाळेत. विषय होता रेतीघाट. आमच्या गावाभोवतीची रेती उपसायला द्यायची असं ठरत होतं, आणि त्यासाठी गावाचा ठराव पाहिजे होता. आम्ही डोंग्याच्या चार-पाच खेपा करून गेलो. बायका पण आल्या. मोठमाय माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती.

माझ्याकडून फोटो नेलेले साहेब समोर होते. त्यांनी मला ओळखून मान हलवली. मीही हलवली, आणि आजूबाजूच्यांनी ते पाहिलं याचं मला बरंही वाटलं. मग त्यांनी कागद वाचायला घेतला. जागेची पाहणी झाली आहे. पात्रात वस्ती नाही, लागवड नाही, कुंपण अथवा बांधकाम नाही. छायाचित्रं सोबत जोडली आहेत.

सभेत एकच गलका झाला. डोंगेवाला भाऊ उभा राहिला.

“लागवड नाई म्हंजे? आमच्या वाड्या हायेत तिथी! आता, या घडीले हायेत!”

“सातबारा आहे का?” साहेबांनी शांतपणे विचारलं.

“नदीचा सातबारा कोणाकडं असते साहेब?”

“मग पाहणीत काय दिसलं ते आम्ही लिहिलं. फोटो बघा. फोटो काही खोटं बोलणार नाही.”

आणि त्यांनी फाईल पुढे दिली. ती हातोहात मागे येऊ लागली. लोक बघत होते, पुढच्याला देत होते. मला बसल्या जागेवरूनच रंग ओळखू आला होता. तांब्याचा रंग. फाईल मोठमायच्या हातात आली. तिला वाचता येत नाही, पण फोटो ती लांब धरून बघते. तिनं तो लांब धरला, मग जवळ घेतला, आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

“हे तं आपल्या घराखालची रेती व्हय!” ती माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली. “पाह्य ना, मी इथीच बसलो व्हतो नाई का, या झावाच्या मांगं? तू फोटो काढून राह्यला व्हता तवा?”

ती मला दोष देत नव्हती. तिला खरोखर आनंद झाला होता, ओळखीची जागा कागदावर सापडल्याचा. पण बोलून झाल्यावर तिला जाणवलं की पुढचे लोक मागे वळले आहेत. डोंगेवाला भाऊ अजून उभाच होता. तो माझ्याकडे बघत होता.

“तुयं काम व्हय हे?” त्यानं विचारलं.

मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते मलाही सांगता येणार नाही.

“आमची झोपडी कुठी हाय मंग याच्यात?”

मी तिथेच उभं राहून सांगायला पाहिजे होतं. साहेब समोर होते, सगळं गाव होतं, ग्रामसेवक लिहून घेत होते. दोन वाक्यांचं काम होतं. मी फाईल घेतली आणि मागच्याला दिली. सभा गोंधळात संपली, ठराव झाला नाही, पण साहेब जाताना म्हणाले, की ठराव पुढच्या सभेत होईल, पाहणीचा अहवाल तर वर जाणारच.

येताना डोंगेवाला भाऊ माझ्याकडे पाठ करून बांबू मारत होता.

घरी बायकोनं चहा समोर ठेवला आणि तिथेच बसली.

“तुमी सांगा त्याईले जाऊन.”

“काय सांगू? फोटो खोटा हाय म्हणून?”

“मंग खोटाच हाय ना.”

“खोटा नाई तो. थोडा साफ केलेला हाय.”

ती म्हणाली, “मोठमायले साफ केलं तुमी. आनखी का साफ करता?” आणि उठून आत गेली.

मी चार दिवस काहीच केलं नाही. त्या चार दिवसांत मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. शाळांची ओळखपत्रं त्याच साहेबांच्या ओळखीनं मिळत होती. मी लिहून दिलं तर माझ्यावरच काही कलम लागेल. एका फोटोवाल्याच्या सांगण्यानं रेतीघाट थोडाच थांबणार आहे? ही सगळी भीती खरी होती. पण आज इतक्या दिवसांनी खरं लिहायचं तर भीतीपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी होती. ज्यांनी ‘किती शांत’ म्हणून लिहिलं होतं, त्यांना ती शांतता मी संगणकावर बसून केली होती हे कळेल, याची मला लाज वाटत होती. मोठमायच्या वाडीपेक्षा मला तेव्हा ते जास्त लागत होतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी मोठमायकडे गेलो. ती अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी म्हटलं, “मोठमाय, माह्यामुळं वाडी जाते तुही.”

ती पाखडत राहिली. मग म्हणाली, “तुले ठाऊक नव्हतं ना बापा.”

“ठाऊक नव्हतं. पण मी पुसलं. कुंपण पुसलं, झोपडी पुसली.”

“पुसलं म्हंजे?”

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. नवरीच्या गालावरच्या फोडाचं उदाहरण दिलं. ते मात्र तिला लगेच कळलं. तिनं सूप खाली ठेवलं.

“म्हंजे माही वाडी फोड व्हय का?”

तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. मी डोंग्याकडे निघालो.

त्या दिवशी स्टुडिओ उघडला, पण गिऱ्हाईक आलं तरी ‘आज बंद आहे’ म्हणून परत पाठवलं. हार्डडिस्क लावली आणि तीन हिवाळ्यांचे फोटो एक एक करून पाहायला घेतले. मला मूळ फोटो पाहिजे होते, पुसायच्या आधीचे. पुसाच्या त्या सकाळचा मूळ फोटो सापडला. त्यात कुंपण होतं, झोपडी होती, खड्ड्यांच्या रांगा होत्या, आणि नीट बघितलं तर झावाच्या वर जरासा लुगड्याचा पदरही होता. वरच्या रेतीवरच्या पाच-सहा वाड्यांचे असेच मूळ फोटो मिळाले. एक तर चुकून राहिलेला होता. मी तिपाया सरळ करत असताना बटण दाबलं गेलं असावं. नदी तिरपी, आणि एका बाजूला मोठमाय पिपा रिकामा करताना, थोडी अस्पष्ट.

खालच्या टोकाचं मात्र काही सापडेना. तिथली धुवारी सगळ्यांत छान असते, त्यामुळे तिथे मी सगळ्यांत जास्त फोटो काढले होते आणि निवडही सगळ्यांत कडक केली होती. माणसं असलेले सगळे खोडलेले. उरलेले काही मी पुसून त्याच फाईलवर पुन्हा जतन केले होते, म्हणजे मूळ गेलेलं. मी दुपारभर शोधलं. मेमरी कार्डांतून खोडलेले फोटो परत आणायचं एक सॉफ्टवेअर असतं, तेही चालवून बघितलं. लग्नांचे फोटो परत आले, वाढदिवसांचे आले. डोंगेवाल्या भाऊच्या वाडीचा एकही आला नाही.

जे मिळाले ते मी मोठे छापले आणि दुसऱ्या दिवशी मोठमायला घेऊन कचेरीत गेलो. डोंगेवाल्या भाऊलाही चल म्हटलं होतं. तो म्हणाला, “माह्या वाडीचा फोटो हाय का तुह्याकडं?” मी नाही म्हटलं. “मंग मी येऊन का करू?” त्यानं आम्हाला काठावर सोडलं आणि डोंगा फिरवून परत गेला.

साहेबांनी फाईलमधला आणि मूळ असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले.

“म्हणजे तुम्ही फेरफार केला.”

“केला, साहेब.”

“आणि फेरफार केलेला फोटो सरकारी कचेरीत दिला.”

“तुम्ही पुस्तिकेसाठी मागितला होता. पाहणीसाठी मी दिला नव्हता.”

ते जरा चपापले. मग आवाज चढवून म्हणाले, “तसं लिहून द्या. फोटो मी बदलला, असं तुमच्या सहीनं लिहून द्या. नंतर काय होईल त्याची जबाबदारी तुमची.”

मी कागद घेतला. मोठमाय बाकावर बसून बघत होती.

“का लिहून राह्यला?” तिनं विचारलं.

“फोटो खोटा हाय म्हणून.”

“आनखी मी तिथी व्हतो, हे पन लिव,” ती म्हणाली. “चार वर्सं नाई, चाळीस वर्सं व्हतो म्हणून लिव. मोठे बाबा पन व्हते म्हणून लिव.”

मी ते सगळं लिहिलं. साहेबांनी कागद फाईलला लावला आणि आम्हाला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर मोठमायला भूक लागली होती. आम्ही गाड्यावर आलुबोंडे खाल्ले. तिनं एक कागदात बांधून घेतला, डोंगेवाल्याच्या बायकोसाठी.

पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणी झाली. या वेळी साहेब लोक खरोखर डोंग्यात बसून आले, रेतीवर फिरले. तोवर खालच्या टोकाच्या वाड्यांत काही उरलं नव्हतं. सभेनंतर लोकांचं मन लागेना, त्यात रानडुकरं शिरली, आणि दोघा-तिघांनी यंदा कशाला म्हणून काम सोडून दिलं होतं. डोंगेवाल्या भाऊनंही सोडलं होतं. वाडीवाल्यांनी खड्डे दाखवले तर साहेब म्हणाले, हे आता खणले नाहीत कशावरून? वरच्या रेतीचे जुने फोटो होते. खालच्या रेतीचे नव्हते. जिथे माझे फोटो संपत होते, बरोबर तिथून लाल झेंड्या लागल्या. वरची रेती सोडली. पुढच्या सभेत ठराव झाला आणि खालची घाटाला गेली.

मोठमायची वाडी राहिली. तिनं त्या उन्हाळ्यात डांगरं काढली, आणि पहिलं डांगर आमच्या घरी आणून ठेवलं. बायकोनं ते कापलं. मी खाल्लं, पण चव लागली नाही.

आता सकाळी धुवारी असतानाच काठाकडून ट्रॅक्टर उतरतात. पाणी कमी असलं की ते धारेतूनच रेतीवर येतात. चक्रवाक यंदा खालच्या टोकाला उतरले नाहीत, वरच्या बाजूला कुठेतरी असतात असं लोक म्हणतात. मी बघायला गेलो नाही. शाळांची ओळखपत्रं दुसऱ्या स्टुडिओला गेली. मोबाईलवरचे ते जुने फोटो मी काढून टाकले. एका-दोघांनी का काढले म्हणून विचारलं.

हिवाळ्यात मी अजूनही फोटो काढतो, पण सकाळी अकरा वाजता. वरच्या रेतीवरची एकेक वाडी, तिच्यात उभी राहिलेली त्या घरची माणसं, मागे ओळखू येईल असं झाड. त्या वेळचं ऊन डोक्यावरचं, चेहऱ्यावर सावल्या पडतात, लोक डोळे बारीक करून ताठ उभे राहतात. फोटो म्हणून त्यांत काही नाही. दर महिन्याला छापून एक प्रत ग्रामपंचायतीत देतो, एक त्या त्या घरी. मोठमाय मात्र कॅमेरा दिसला की लांबूनच वाट सोडते. मी ओरडतो, “तिथीच राय, मोठमाय, हलू नको!” तरी तिचे पाय बाजूला वळतातच. मग मला जाऊन तिला हाताला धरून वाडीत आणून उभं करावं लागतं.

डोंगेवाला भाऊ आता डोंगा चालवत नाही. तो घाटावर ट्रॅक्टर भरायला जातो. जी रेती तो भरतो, ती त्याच्याच वाडीची आहे. डोंगा त्याची बायको चालवते. ती बोलकी आहे. धानाचं काय झालं, गोंडपिपरीला दिलेल्या मुलीला दिवस गेले आहेत, कोणाची गाय व्याली, सगळं सांगत सांगत बांबू मारते. तो विषय ती काढत नाही. मीही कित्येक दिवस काढला नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी डोंग्यात आम्ही दोघंच होतो. खालून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ती म्हणाली, “भाऊ, तुमी आजकाल लय गुमसुम राहता.”

मी म्हटलं, “वहिनी, तुमची वाडी माह्यामुळं गेली.”

मला वाटतं मी तिच्या तोंडून दुसरं काही ऐकायला बोललो होतो. तुमचा काय दोष, ते होणारच होतं, असं काहीतरी. तिनं बांबू पाण्यात टेकवला, डोंगा जरा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

“हाव,” ती म्हणाली. “तुमच्यामुळंच गेली.”

आणि मग पुन्हा बांबू मारत म्हणाली, “पाय वर घ्या, डोंग्यात पानी येऊन राह्यलं.”

मी पाय वर घेतले. बूड जुनं झालं आहे, फटीतून पाणी येतं. मी डबा घेऊन ते बाहेर टाकायला लागलो, आणि काठ येईपर्यंत टाकत राहिलो.